चौकोनातल्या बाभळी

ठिबकचा कॉक मीच बंद केला होता. एवढं एक वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली, म्हणून ते आधीच लिहून टाकतो.

शिरूर आणि दौंड यांच्या मधल्या रस्त्यावर आमचं कॉलेज आहे. मी तिथं वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि पर्यावरण समितीचं काम बरीच वर्षं माझ्याकडं आहे. वसतिगृहाच्या मागं पाच-सहा एकर मुरमाड जमीन आहे. कॉलेज उभं राहायच्या आधी ते गायरान होतं. आम्ही सगळे त्याला ‘मागचं रान’ म्हणतो. विद्यापीठाकडून दरवर्षी वृक्षारोपणाचं पत्रक यायचं. आम्ही खड्डे घ्यायचो, पाहुणे बोलवायचो, रोपं लावायचो आणि पुढच्या उन्हाळ्यात ती जळून जायची. आमचे प्राचार्य बोलायला तिखट. ते म्हणायचे, “सर, तुमची रोपं आपल्या वार्षिक अहवालासारखी आहेत. दरवर्षी नवीन, आणि मजकूर तोच.”

त्यांचं हसणं मला लागायचं. म्हणून एका वर्षी मी हट्टानं मागच्या रानात ठिबक बसवून घेतलं. तीनशे रोपं लावली, बहुतेक गुलमोहर आणि काशीद. मार्च गेला, एप्रिल सरत आला, रोपं हिरवी होती. मी रोज सकाळी चक्कर मारायचो आणि मोजून यायचो. एप्रिलच्या शेवटी एका संध्याकाळी पाहिलं तर एका ठिकाणी नळी निसटून पाणी नुसतं वाहत होतं. पंप बघणारा माणूस गावाला गेला होता. मी कॉक बंद केला. उद्या नळी बसवू आणि सुरू करू, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी पेपर तपासायला पुण्याला जायचा आदेश हातात पडला. मी गेलो. तिथून परस्पर एका लग्नाला गेलो. कॉक माझ्या डोक्यातून पार निघून गेला. कुणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळं कुणी सुरू करायचा प्रश्नच नव्हता.

मे संपता संपता परत आलो, तेव्हा तीनशे काड्या उभ्या होत्या.

त्याच रानाच्या पलीकडच्या अंगाला, जिथं आम्ही रोपं लावली नव्हती, तिथं लेंड्या पडल्या होत्या. दौंड तालुक्यातले एक मेंढपाळ दरवर्षी दिवाळीनंतर शिरूर-पाबळवरून घाटाकडं जायचे आणि मृगाच्या आधी त्याच वाटेनं परत यायचे. जाता-येता दोन-तीन दिवस त्यांचा तळ मागच्या रानात असायचा. त्यांच्या वडलांपासून ती उतरायची जागा होती आणि प्राचार्यांनीही ती चालू ठेवली होती. मी नव्हतो त्या दिवसांत ते येऊन गेले होते.

प्राचार्यांनी मला बोलावलं. टेबलावर हात ठेवून विचारलं, “काय झालं रोपांचं?”

मी म्हणालो, “मेंढ्या बसल्या होत्या सर मागं.”

मी खोटं बोललो असं त्या क्षणी मला वाटलंही नाही. मेंढ्या बसल्या होत्या, हे खरंच होतं. पण त्यांनी लेखी मागितलं, आणि मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘मेंढ्यांनी चरल्यामुळे सर्व रोपे नष्ट झाली.’ त्याला जावक क्रमांक पडला, शिक्का बसला, एक प्रत ग्रामपंचायतीला गेली.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, म्हणजे मला कुणी विसराळू म्हणून सोडून देणार नाही. मेंढी रोप खाते तेव्हा पानं आधी जातात. माझ्या रोपांची पानं जागेवर होती. वाळलेली, तपकिरी, हात लावला की चुरा होणारी, पण प्रत्येक पान देठाला धरून होतं. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला ते दिसलं नसेल, असं होत नाही. मला दिसलं होतं. त्याच संध्याकाळी मी जाऊन कॉक उघडला आणि मुलांना सांगून सगळ्या काड्या उपटून टाकल्या.

दिवाळीनंतर ते मेंढपाळ नेहमीप्रमाणं आले, तेव्हा फाटक बंद होतं. साठीच्या आसपासचे, सडसडीत, खांद्यावर घोंगडी. मी त्यांना आप्पा म्हणायचो. वॉचमननं मला बोलावून घेतलं.

“सर, ह्यो म्हणतो आमी झाडं खाल्ली,” आप्पा म्हणाले. “कोण बोललं असं?”

“अहवालात तसं आहे, आप्पा.”

“अहवाल कुणी लिवला?”

मी रस्त्याकडं पाहत राहिलो. त्यांना उत्तर मिळालं.

“लेंड्या आमच्या हायत,” ते म्हणाले. “त्या आमी न्हाई म्हनत न्हाई. पर रोपांचं आमच्यावर नका घालू. आमी एका बाजूला वाघर लावून बसलो हुतो. एक मेंढरू भाईर गेलं न्हाई.”

वाघर म्हणजे मेंढ्या रात्री कोंडायची दोरीची जाळी. मी म्हणालो, “बघतो.” ते वळले. घोड्यावर बिऱ्हाड होतं, त्यावर बांधलेल्या कोंबड्या ओरडत होत्या. कळप रस्त्यानं परत गेला.

पुढं काय झालं ते मला तुकड्यातुकड्यानं कळलं. आमच्या भागात शेतकरी हौसेनं रानात मेंढ्या बसवतात. चार दिवस कळप बसला की खत होतं, त्याबदल्यात मेंढपाळाला धान्य मिळतं. पण कॉलेजचा कागद ग्रामपंचायतीत वाचला गेला होता. ‘ह्यांची मेंढरं झाडं ठेवत नाहीत’ असं बोललं जाऊ लागलं. ज्यांच्या बांधावर आंबा, लिंबू होता त्यांनी आप्पांना बोलावणं बंद केलं. त्यांना ती वाट सोडून पाटसवरून, हायवेच्या कडेनं जावं लागलं. कारखान्याच्या हंगामात तिथून उसाच्या गाड्या जातात. एका वर्षी त्यांच्या दोन मेंढ्या ट्रकखाली गेल्या.

हे मला एका विद्यार्थिनीनं सांगितलं, आणि पुढची सगळी चांगली गोष्ट तिच्यामुळंच घडली.

ती न्हावऱ्याची. घरचा कांदा, ऊस, चार म्हशी. एसटी चुकली की भावाच्या मोटारसायकलवर मागं बसून यायची आणि उशीर झाल्याबद्दल मी काही बोलायच्या आधीच म्हणायची, “सर, म्हैस ऐकत नव्हती.” शेवटच्या वर्षाला तिच्या गटानं प्रकल्प घेतला: मागच्या रानात आजवर लावलेल्यातलं काय जगलं? मला तो विषय नको होता. पण नाही म्हणायला कारण सापडेना.

आठ दिवस त्या मुली हातात दोरी आणि चुन्याची पिशवी घेऊन मागं फिरत होत्या. मग एक दिवस ती स्टाफरूमच्या दारात आली.

“सर, लावलेलं जवळजवळ काहीच जगलं नाही.”

“माहीत आहे.”

“पण न लावलेलं जगलंय. बाभळी आहेत. कमरेएवढ्या. आणि सर, त्या चौकोनातच आहेत. एक चौकोन, त्याला लागून दुसरा, त्याला लागून तिसरा. कुणी आखून लावल्यासारख्या. असं का असेल?”

मी तिच्याबरोबर गेलो. पलीकडच्या अंगाला, जिथं मी लेंड्या पाहिल्या होत्या, तिथं खरंच तीन चौकोन होते. आत दाट बाभळी, बाहेर उघडा मुरूम. मला बघताक्षणी समजलं. उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा गळतात, मेंढ्या त्या आवडीनं खातात. पोटातून गेलेलं बी लेंडीबरोबर पडतं आणि पाऊस पडला की जोमानं उगवतं. तीन दिवस मुक्काम, रोज जाळीची जागा बदललेली, म्हणून तीन चौकोन. मी पाहुणे बोलावून लावलेली रोपं मेली होती. मागच्या रानात उभी होती ती झाडं आप्पांच्या मेंढ्यांनी लावलेली होती. आणि त्यांनाच मी झाडं खाल्ली म्हणून हाकललं होतं.

“का असेल, सर?” तिनं परत विचारलं.

“मेंढ्या,” मी म्हणालो. तेवढंच म्हणालो.

तिचे डोळे चमकले. “मग सर, आपण मेंढ्याच बसवू या ना! आमच्या कांद्याच्या रानात आबा दरवर्षी बसवतात. ते आप्पा आमच्याकडं अजून येतात. आबा म्हणतात, कॉलेजवाल्यांना काय कळतंय.” मग जीभ चावून म्हणाली, “म्हणजे तुम्हाला नाही, सर.”

प्राचार्यांना पटवायचं काम तिनं आणि तिच्या गटानंच केलं. चौकोनांचा नकाशा काढून टेबलावर पसरला. प्राचार्यांनी एकेक चौकोन बोटानं मोजला. म्हणाले, “म्हणजे इतकी वर्षं मी फेटे बांधून पाहुणे आणतोय, त्यापेक्षा मेंढ्या आणल्या असत्या तर बरं झालं असतं.” परवानगी मिळाली. तिचे वडील, तेच आबा, आप्पांशी बोलले. आप्पा यायला तयार झाले, एका अटीवर: जितके दिवस मेंढ्या बसतील तितके दिवस कॉलेजची दोन माणसं त्यांच्याबरोबर मुक्कामाला हवीत, म्हणजे उद्या कुणी काही लिहिलं तर साक्ष असेल. मुलांनी पाळ्या लावून घेतल्या.

त्याबदल्यात धान्य द्यायचं होतं. कॉलेजकडं धान्याचं खातं नसतं. मुलंमुली घरून घेऊन आली. कुणी डब्यात ज्वारी, कुणी पिशवीत बाजरी, कुणी दप्तरातून वह्या काढून त्यात गहू. वसतिगृहाच्या ओट्यावर ती रास मी पाहिली तेव्हा मला माझ्या विद्यार्थ्यांचा जो अभिमान वाटला, तो मी कधी कुठल्या निकालाच्या दिवशी अनुभवला नाही.

आप्पा आले त्या सकाळी मी धीर करून जवळ गेलो. ते जाळीचे खुंट ठोकत होते.

“आप्पा, तेव्हाचं विसरा आता.”

त्यांनी हातोडी थांबवली नाही. “तुमी लिवलं तवा कागदावर लिवलं, सर. आन् इसरायचं तोंडानं व्हय?”

शेजारी त्यांच्या कारभारीण चूल मांडत होत्या. त्या म्हणाल्या, “आमची मेंढरं कालेजात शिकली न्हाईत, म्हणून घातलं त्यांच्यावर. शिकली असती तर त्यांनीबी उलटा कागद लिवला असता.” आणि मुलं हसली. मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत मागचं रान जे झालं, त्याबद्दल मी गर्वानं लिहिणार आहे, कारण ते माझं एकट्याचं नाही. आधी मेंढ्या बसायच्या, मग पाऊस, मग लागवड. लावायचं काय, हे आप्पांनीच सांगितलं. “तुमचा गुलमव्हर मेंढरूबी हुंगत न्हाई. बोर लावा, हिवर लावा, करंज लावा. बाभळ तर येतीयाच.” मुलामुलींनी उन्हाळ्याच्या सुट्टीत वसतिगृहाच्या आंघोळीचं पाणी वळवलं. खडी आणि कर्दळीच्या वाफ्यातून गाळून ते चरांत सोडलं. चर खणताना त्यांच्या हाताला फोड आले, आणि फोड कुणाला जास्त आले यावरून भांडणं झाली. पूर्वी मार्चमध्ये आम्ही वाळलेलं गवत आणि पाला पेटवून द्यायचो. दोन दिवस वर्गात धूर असायचा. ते बंद झालं. पाला झाडांच्या बुडाशी जाऊ लागला. झाडं डोक्यावर गेली तशी आप्पा मेंढ्या आत सोडू लागले आणि गवत त्यांच्या पोटात जाऊ लागलं. ठिबकच्या कॉकला मुलांनी एक पाटी अडकवली: ‘बंद करणाऱ्याने वहीत नाव लिहावे.’ ती कुणाला उद्देशून नव्हती. त्यांना काही माहीत नव्हतं. पण त्या पाटीजवळून जाताना मी मान खाली घालायचो.

एका चौकोनात आता सुगरणींची घरटी लोंबतात. ऊन टळलं की मुलं तिथं अभ्यासाला बसतात. उन्हाळ्यातही तिथली माती बोटानं उकरली तर ओल लागते. मुरमात ओल म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही.

आप्पा वर्षातून दोनदा यायचे. त्या कागदाचा विषय त्यांनी परत काढला नाही. मला ते बरं वाटायचं, आणि बरं वाटतं म्हणून स्वतःचा राग यायचा. फाटक उघडलं होतं, पण बाकीच्या वाटेवरचे शेतकरी अजून त्यांना बोलवत नव्हते. माझं वाक्य ग्रामपंचायतीच्या फायलीत तसंच होतं.

गेल्या दिवाळीच्या आधी विद्यापीठाकडून पत्र आलं. हरित परिसराच्या गौरवासाठी आमच्या कॉलेजचा विचार होणार होता, टीम पाहणीला येणार होती, आणि प्रस्ताव मी लिहायचा होता. ‘पार्श्वभूमी’ असा एक रकाना होता. मी लिहायला बसलो. मेंढ्या बसवण्याची प्रथा या परिसरात जुनी होती, असं लिहिलं. मग पुढचं वाक्य आलं: ‘मध्यंतरी ती खंडित झाली.’ का खंडित झाली? मी जुनी फाईल काढली. माझंच अक्षर, माझीच सही. एक तर मला ते वाक्य दुसऱ्यांदा लिहावं लागणार होतं, नाही तर खोडावं लागणार होतं.

मी प्राचार्यांकडं गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कॉक, पेपर तपासणी, वाळलेली पानं, उपटलेल्या काड्या.

त्यांनी चष्मा काढला. “विद्यापीठाची टीम आठ दिवसांवर आलीय, आणि तुम्हाला आत्ताच आठवलं?”

“आठवत रोजच होतं, सर.”

त्यांनी माझ्या हातातली जुनी फाईल घेतली आणि तो कागद वाचला. म्हणाले, “त्या कागदावर शिक्का माझाही आहे. मीही मागं जाऊन पानं बघितली नाहीत.” मग त्यांनी जावक रजिस्टर माझ्याकडं सरकवलं. “लिहा. नंबर घ्या. पाठवा. आणि त्या प्रस्तावालाही जोडा. जायचं असेल तर जाऊ दे बक्षीस.”

बक्षीस गेलं नाही, तेही सांगतो. टीममधल्या एका बाईंनी आप्पांच्या नावानं लिहिलेलं ते पत्र वाचलं, बाभळीखाली उभं राहून मला दोन प्रश्न विचारले, मी खरी उत्तरं दिली. न्हावऱ्याची ती मुलगी आता पुण्याला एम.एस्सी. करते. त्या दिवशी मुद्दाम आली होती. टीम गेल्यावर मला म्हणाली, “सर, आम्ही चौकोन मोजले तेव्हाच सांगायचं ना.” रागानं नाही, पण चेष्टेनंही नाही. मी म्हणालो, “हो. तेव्हाच सांगायला हवं होतं.”

पत्राची एक प्रत ग्रामपंचायतीत फलकावर लागली. एक प्रत मी स्वतः घेऊन निघालो. दिवाळी झाली होती. आप्पांचा तळ पाटसच्या अलीकडं, ऊस तुटून गेलेल्या एका रानात होता. सकाळची वेळ, कोवळं ऊन. त्यांच्या कारभारीण कोकरांना पाजून घेत होत्या. मला मोटारसायकलवरून उतरताना पाहून म्हणाल्या, “आलं बगा कालेज.”

मी पाकीट आप्पांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, शिक्क्यावर अंगठा फिरवला आणि मला परत दिलं.

“वाचा,” ते म्हणाले. “मोठ्यानं वाचा. पलीकडं रानवाला हाय, त्याला ऐकू गेलं पायजे.”

पलीकडं रानाचा मालक पाचट गोळा करत होता. तो थांबून आमच्याकडं बघू लागला. मी तीस वर्षं वर्गात मोठ्यानं वाचत आलो आहे, पण माझाच कागद असा कधी वाचला नव्हता. कागद उघडला आणि पहिल्यापासून वाचलं. जावक क्रमांक वाचला. विषय वाचला. मग मजकूर:

‘सहा वर्षांपूर्वी आमच्या परिसरातील तीनशे रोपे मेंढ्यांनी खाल्ल्याचे मी लेखी कळवले होते. ते खोटे होते. रोपांचे पाणी मी बंद केले आणि सुरू करायला विसरलो. रोपे पाण्यावाचून वाळली, हे मला त्याच दिवशी दिसले होते. आपल्या मेंढ्यांनी एकही रोप खाल्ले नाही. आज तिथे जे बन उभे आहे, त्याची पहिली झाडे आपल्या मेंढ्यांनी लावली आहेत. माझ्या खोट्या कागदामुळे आपली वाट मोडली, आपले नाव खराब झाले, आपली जनावरे गेली. चूक माझी एकट्याची आहे. मी आपली, आपल्या घरच्यांची आणि आपल्या कळपाची हात जोडून माफी मागतो.’

कागद घडी करून मी त्यांच्या हातात दिला आणि खरोखरच हात जोडले.